उत्तर: 'युवर प्लेस इज कन्फर्म्ड' म्हणजे सहल निघणारच असं नाही (वेल्सची गटसहल)

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. 20 सप्टेंबरला कार्डिफहून निघणारी आठ दिवसांची गाइडसह सहल, शेवट उत्तरेला लॅनडिडनोमध्ये. बरोबर आई-बाबा, बाबांचा गुडघा दुखरा. ब्रिटनमधल्या कंपनीच्या ऑफिसचा 'युवर प्लेस इज कन्फर्म्ड' असा मेल आलाय, आणि मुंबई-लंडनची स्वस्त, रद्द केल्यास पैसे परत न मिळणारी तिकिटं आज रात्रीपर्यंतच त्या भावात आहेत. काढू का, असं विचारलंय.

नका काढू. निदान त्या ऑफिसकडून आणखी एका मेलचं उत्तर येईपर्यंत तरी नका.

त्या वाक्यात 'प्लेस' कन्फर्म झाली आहे, 'डिपार्चर' नाही. म्हणजे सहल निघाली तर तुमच्या तीन जागा पक्क्या आहेत, एवढंच. निघणार की नाही, हे किती जणांनी नाव नोंदवलं त्यावर ठरतं. ब्रिटिश कंपन्यांच्या गटसहलींना बहुधा किमान संख्येची अट असते आणि ती अट बुकिंगच्या पानावर ठळकपणे नसून अटी-शर्तींच्या मधल्या एखाद्या कलमात असते. तिथल्या 2018 च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांप्रमाणे, सहा दिवसांहून मोठी सहल किमान संख्या भरली नाही म्हणून रद्द करायची तर कंपनीने ते निदान 20 दिवस आधी कळवावं लागतं. दोन ते सहा दिवसांच्या सहलीला ही मुदत 7 दिवस, त्याहून लहान सहलीला 48 तास. वेळेत कळवलं की सहलीचे पैसे 14 दिवसांत परत करायचे, पण वर नुकसानभरपाई द्यायची नाही. तुमचं विमानाचं तिकीट त्यांनी विकलेलं नसतं, त्यामुळे त्याचा त्यांच्याशी काही संबंधच उरत नाही.

आमचे सगळ्यात जास्त पैसे याच एका वाक्यापायी गेले, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय. ऑफिसचं नाव लिहीत नाही, पण राग आजही तसाच आहे. कारण त्यांना 'तिकिटं काढू का?' असं सरळ विचारलं होतं आणि उत्तरात पुन्हा तेच ठरलेलं वाक्य आलं होतं. समोरचा माणूस सात-आठ हजार किलोमीटरवरून येणार आहे हे दिसत असताना 'संख्या अजून भरलेली नाही, थांबा' हे चार शब्द लिहायला किती वेळ लागतो?

तुमच्या तारखेचं गणित असं. 20 सप्टेंबरची सहल म्हणजे 31 ऑगस्टपर्यंत ती रद्द होऊ शकते. आज तिकिटं काढली आणि 31 ऑगस्टला 'क्षमस्व'चा मेल आला, तर तीन माणसांची जाण्या-येण्याची तिकिटं गेली. प्रवास विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये सहल रद्द होण्याची कारणं मोजून दिलेली असतात: आजारपण, मृत्यू, नैसर्गिक आपत्ती वगैरे. 'गट भरला नाही' हे कारण त्या यादीत सहसा नसतं. कंपनी दिवाळखोरीत निघणं हे आणखी निराळं, त्यासाठी तुमचे पैसे बाँडमध्ये, ट्रस्ट खात्यात की विम्याखाली सुरक्षित ठेवलेत ते वेगळं विचारायचं.

ऑफिसला आजच मेल टाका आणि त्यात चारच प्रश्न घाला. ही तारीख 'गॅरंटीड डिपार्चर' (गट भरो न भरो, नक्की निघणारी) आहे का? नसेल तर किमान संख्या किती? आजपर्यंत किती जणांनी पैसे भरलेत? आणि निघणार की नाही हे तुम्ही आम्हाला कोणत्या तारखेला लेखी कळवाल? फोनवर विचारू नका. 'साधारण भरतेच हो' असं गोड उत्तर मिळतं आणि नंतर त्याचा काही उपयोग होत नाही. उत्तरात आकडा आणि तारीख नसेल तर तेच प्रश्न पुन्हा पाठवा.

तारीख गॅरंटीड नसेल तर माझं स्पष्ट मत: गॅरंटीड असलेली दुसरी तारीख घ्या, मग हॉटेल थोडं कमी आवडीचं का असेना. ते जमत नसेल तर तारीख बदलता येणारी तिकिटं घ्या आणि महाग पडलेली रक्कम विम्याचा हप्ता समजा. भारतातल्या कंपनीकडून, विमानासकट सहल घेत असाल तर वरचे ब्रिटिश नियम धरून चालू नका, तिथे त्या कंपनीचा करार बघायचा. आणि मी वकील नाही. तुमच्या हातात अटींचा जो कागद आहे, शेवटचा शब्द त्याचाच.

व्हिसाच्या कागदपत्रांबद्दल इथे भरपूर लिहून झालंय, म्हणून फक्त क्रम सांगते. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि साधारण तीन आठवड्यांत निकाल येतो. अर्जासाठी विमानाचं तिकीट विकत घेतलेलं असण्याची गरज नसते. तेव्हा जूनच्या शेवटी अर्ज, जुलैत व्हिसा, मग सहल निघणार असल्याचा लेखी मेल आणि त्यानंतर तिकिटं. नेहमीचा व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे सहल पुढे सरकली तरी तो वाया जात नाही.

तिकीट काढाल तेव्हा लंडन-लंडन काढू नका. सहल दक्षिणेत सुरू होऊन उत्तरेत संपतेय. लॅनडिडनो जंक्शनहून मँचेस्टर रेल्वेने साधारण दोन तासांवर आहे, म्हणून 'मल्टी-सिटी' पर्याय निवडा: जाताना हीथ्रो, येताना मँचेस्टर. हीथ्रोहून कार्डिफला जायला थेट बस आहे, नाहीतर बसने रेडिंग आणि तिथून ट्रेन. 20 सप्टेंबरला रविवार येत असेल तर जास्तच जपा. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि ट्रेनऐवजी बसमध्ये बसवतात. सहल निघण्याच्या आदल्या दिवशीच कार्डिफ गाठा, कारण गट कुणासाठी थांबत नाही.

आता बाबांचा गुडघा. पत्रकात 'मॉडरेट वॉक' लिहिलंय म्हणालात. ब्रिटिश माणसाचं मॉडरेट म्हणजे आपल्याकडचं पर्वतीला जाऊन येणं नव्हे. दिवसभरात 12 ते 15 किलोमीटर आणि 500 मीटरच्या आसपास चढ, हे तिथे मॉडरेटच समजतात. म्हणून शब्दावर जाऊ नका, आकडे मागा: किती किलोमीटर, एकूण चढ किती मीटर, पायाखाली काय आहे आणि वाटेत 'स्टाइल' किती. स्टाइल म्हणजे शेताच्या दगडी बांधावरून किंवा कुंपणावरून पलीकडे जायच्या पायऱ्या. एक-दोन फळ्या, पावसाने बुळबुळीत, धरायला एक खांब. एका पायावर सगळा भार घेऊन वर चढायचं, दुसरा पाय कुंपणापलीकडे टाकायचा आणि पाठमोरं उतरायचं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही, दुखऱ्या गुडघ्याला मात्र अख्ख्या चढापेक्षा अशा दहा स्टाइल जड जातात.

वेळेच्या अंदाजाला 1892 पासून चालत आलेला नेस्मिथचा नियम वापरा: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास. वेल्सचं सर्वोच्च शिखर अर विद्वा, म्हणजे स्नोडन, 1085 मीटर. त्याची सर्वांत सोपी मानली जाणारी लॅनबेरिसची वाट जाऊन-येऊन साधारण 14.5 किलोमीटर, चढ 975 मीटरच्या घरात. हिशेब साडेचार तासांचा येतो, न थांबता. सवय नसलेल्यांनी त्याची दीडपट धरावी. बाबांनी हे करू नये. लॅनबेरिसहून 1896 पासून दातेरी रुळांची आगगाडी वर जाते, तिचं तिकीट आधी काढून ठेवा. मात्र वारा सुटला की ती शिखरापर्यंत न जाता खाली क्लॉगविन स्थानकावरच थांबवतात, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. गटाचा चालण्याचा दिवस पश्चिम किनाऱ्यावरच्या बार्मथच्या बाजूला असेल तर त्यांच्यासाठी मॉदख ट्रेल उत्तम. डोलगेथ्लाय ते बार्मथ, सुमारे 15 किलोमीटर, जुन्या रेल्वेमार्गावरून गेलेली सपाट वाट. वाटेल तिथून परत फिरावं. शेवटी खाडीवरचा लांबलचक लाकडी पूल लागतो, 1867 चा.

पावसाचं एकच सांगते: डोंगरात छत्री आणि जीन्स, दोन्ही नकोत. वारा छत्री उलटवतो आणि भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही. पावसाळी जाकीट सगळे घेतात आणि पावसाळी पँट विसरतात.

बसचा ड्रायव्हर 'अजून एक ठिकाण दाखवा' म्हटलं की नाही म्हणतो, आणि आपल्या लोकांना तो उर्मटपणा वाटतो. तसं नसतं. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं विश्रांती, दिवसाला 9 तास चालवणं (आठवड्यातून दोनदाच 10) आणि रात्री साधारण 11 तास आराम, हा कायदा आहे आणि गाडीतलं यंत्र सगळी नोंद ठेवतं. त्यात वेल्समध्ये दक्षिण-उत्तर महामार्ग नाही. कार्डिफ ते लॅनडिडनो ए-470 रस्त्याने सुमारे 300 किलोमीटर, पण घाट, मेंढ्या आणि ट्रॅक्टर धरून पाच तास. सप्टेंबर 2023 पासून गावांतली सर्वसाधारण वेगमर्यादाही ताशी 20 मैल झालीय. ज्या पत्रकात एका दिवसात बिग पिट (दक्षिणेतली खाण), ब्रेकन आणि हार्लेक (वायव्येतला किल्ला) लिहिलंय, त्यातलं एक बसच्या खिडकीतूनच दिसणार.

बिग पिट मात्र चुकवू नका. ब्लेनाव्हनची ही कोळशाची खाण 1980 मध्ये बंद झाली, 1983 पासून संग्रहालय आहे. पिंजऱ्यातून 90 मीटर खाली नेतात, डोक्यावर दिव्याचं हेल्मेट, कमरेला जड बॅटरी, आणि माहिती द्यायला खाणीत काम केलेली माणसं. खाली जाण्याआधी बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू काढून ठेवावी लागते: मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्लीसुद्धा. काडेपेटी आणि लायटर अर्थातच. कारण ज्वालाग्राही वायू आणि ठिणगी. कानाचं यंत्र किंवा इन्सुलिन पंप असेल तर दारात वाद घालण्यापेक्षा कंपनीमार्फत आधी विचारून घ्या.

किल्ल्यांबाबत गाइडला एक विनंती करून ठेवा. कनार्वन, कॉनवी, हार्लेक, बोमॅरिस हे चारही इंग्रज राजा पहिल्या एडवर्डने वेल्श लोकांना दाबात ठेवायला बांधले. भव्य आहेत, 1986 पासून जागतिक वारशात आहेत, जरूर पाहा. पण वेल्श राजपुत्रांचे स्वतःचे किल्ले लहान आणि ओबडधोबड, म्हणून बरेचदा गाळले जातात. लॅनबेरिसच्या तळ्याकाठी डोलबादार्नचा एकच गोल बुरूज उभा आहे, वेल्श राजपुत्र थोरल्या लिवेलिनचा. कनार्वनपासून अर्ध्या तासावर. तो पाहिल्याशिवाय कनार्वन कुणाविरुद्ध उभा आहे ते कळत नाही. गडकोट पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आणि वाटेत वेल्शपूल येत असेल तर पोविस किल्ल्यात थांबायला सांगा. रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याच्या मुलाने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तिथे आहेत, टिपू सुलतानचा छापील सुती तंबूसुद्धा.

आई शाकाहारी आहेत म्हणून खाण्याचं जरा सविस्तर. वेल्श केक म्हणजे तव्यावर भाजलेली मनुका घातलेली जाड बिस्किटं. पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, हल्ली अनेक ठिकाणी लोणी वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. वेल्श रॅरबिट हा चीज-टोस्ट शाकाहारी वाटतो, पण त्यातल्या वूस्टरशर सॉसमध्ये मासे असतात आणि बरेचदा बिअरही. कॉल हे सूप मटणाचं. त्यातल्या त्यात बरं ते ग्लॅमॉर्गन सॉसेज: नाव सॉसेज, आत चीज, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि पावाचा चुरा, बांधायला बहुधा अंडं. बारा ब्रिथ हा चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव चहाबरोबर छान लागतो, मात्र त्यातही अंडं असतं. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर आठ-साडेआठला बंद होतं, त्यानंतर फार तर वेफर्स मिळतात. घरून चिवडा, चकली, भाकरवडी न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात.

एक संध्याकाळ मोकळी असेल तर गाइडला जवळच्या पुरुषांच्या गायकवृंदाची तालीम कधी आहे ते विचारा. गावोगावी आठवड्यातून एक-दोनदा तालीम असते, बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना मागच्या बाकांवर बसून ऐकू देतात. जिने नाहीत, पाऊस नाही, बाबांना दोन तास बसता येईल. निघताना 'डिओल्ख' म्हणा, म्हणजे धन्यवाद.

ऑफिसचं उत्तर आलं की किमान संख्येचं कलम जसंच्या तसं इथे टाका, नावं खोडून. त्यातला शब्द 'मे कॅन्सल' (रद्द करू शकतो) आहे की 'विल ऑपरेट' (नक्की निघेल) आहे, यावर पुढचं ठरवू.