भाडं भरता भरता घर आपलं होतं का? चार पत्रं, चार भानगडी

भाडं भरत भरत घर नावावर करून घ्यायचं, म्हाडाच्या जुन्या वसाहतींत याला भाडेखरेदी म्हणायचे, आता एजंट लोक ‘रेंट टू ओन’ म्हणतात. म्हाडात निदान समोर सरकारी मंडळ असायचं, इथे समोर एक घरमालक आणि मध्ये नोटरीचा एक कागद. या नावाचा वेगळा कायदा आपल्याकडे नाहीये, कोर्ट दोनच गोष्टी बघतं, साठेखत (म्हणजे पुढे घर विकायचा करार) आहे का आणि दिलेला पैसा भाडं होता की किंमत.

प्रश्न (डोंबिवली): 2021 मध्ये वन बीएचके घेतला. दरमहा 22 हजार, त्यातले 9 हजार किमतीत वळते, पाच वर्षांनी 38 लाखांत नावावर, असं 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलं. आता मालक म्हणतो रेट वाढले, 52 लाख द्या नाहीतर घर सोडा. त्या कागदाला काही किंमत आहे का?

उत्तर: आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही. ‘नोटरी केलं म्हणजे पक्कं’ हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज. करारामुळे ताबा मिळाला असेल तर खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53अ चं कवच असतं, म्हणजे मालक त्याचा ताबा काढून घेऊ शकत नाही, पण 2001 पासून ते फक्त रजिस्टर केलेल्या साठेखतालाच मिळतं, त्यामुळे ते कवच तुम्हाला नाही. मात्र करार पुरा करून द्या असा दावा लावताना रजिस्टर न केलेला कागदही पुरावा म्हणून चालतो, नोंदणी कायद्याच्या कलम 49 मध्येच तशी सोय आहे. फक्त कोर्ट आधी स्टॅम्प ड्युटी विचारणार, कमी भरलेली ड्युटी आणि वर दरमहा 2 टक्के दंड, तर तो खर्च धरून चाला.

भाव वाढला एवढ्यावर मालक सुटत नाही. स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर असा करार पुरा करून देणं हा नियम झालाय, आधी ते बरंचसं न्यायाधीशांच्या मर्जीवर असायचं. पण तुम्ही सतत पैसे द्यायला तयार होतात आणि देऊ शकत होतात हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेक लोक इथेच आपटतात. 60 महिन्यांचे 5 लाख 40 हजार वळते झाले तर उरतात 32 लाख 60 हजार, तेवढ्याची होमलोन सँक्शन किंवा एफडी तारखेसकट दाखवता आली पाहिजे. हप्ता अजिबात थांबवू नका, मालक घेत नसेल तर बँक ट्रान्सफर करा, आणि मुदत संपायच्या आत वकिलाकडून नोटीस पाठवा. दाव्याची मुदत करारातल्या तारखेपासून 3 वर्षं. आणि दावा लावलात की लिस पेंडन्सची (या फ्लॅटवर दावा चालू आहे हे कळवणारी) नोटीस रजिस्टर करून घ्या, नाहीतर मधल्या मध्ये तिसऱ्यालाच फ्लॅट विकला जायचा.

प्रश्न (नाशिक): नोकरी गेली म्हणून दोन हप्ते चुकले. करारात लिहिलंय की एक हप्ता चुकला तरी करार रद्द आणि सगळे पैसे जप्त. 4 लाख किमतीपोटी दिलेत, ते गेले का?

उत्तर: लिहिलं म्हणून सगळं जात नाही. करार कायद्याचं कलम 74 सांगतं की कागदावर आकडा कितीही असो, मिळते ती वाजवी भरपाई, आणि सुप्रीम कोर्टाने 1963 पासून हे बऱ्याचदा सांगितलंय, 2015 च्या कैलाश नाथ विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) निकालात तर नुकसानच झालं नसेल तर जप्ती कशाची असं साफ म्हटलंय. पण विसार (व्यवहार पक्का करताना दिलेली सुरुवातीची रक्कम) वेगळा आणि किमतीचा हप्ता वेगळा. वाजवी विसार मालक ठेवू शकतो, तेव्हा पावत्यांवर काय शब्द आहे ते आजच बघा. आधी कधी त्याने उशिराचा हप्ता गुपचूप घेतला असेल तर ते व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपा, सोन्यासारखे आहेत. भाड्याचा भाग मात्र विसरा, तुम्ही त्या घरात राहिलात ना. आणि दावा लावलात तर ‘घर नाही तर पैसे परत’ अशी मागणी त्यातच लिहायला सांगा, न मागता कोर्ट ते देत नाही.

प्रश्न (पिंपरी): हप्ते आम्ही नियमित भरले, पण मालकाने त्याचं लोन भरलंच नाही. दारावर बँकेची नोटीस लागलीये.

उत्तर: गहाण तुमच्या कराराच्या आधीचं असेल तर बँक पुढे, तुम्ही मागे. बँकेला लेखी कळवा, थकबाकी किती ते विचारा, आणि मालकाची लेखी संमती घेऊन पुढचे पैसे थेट लोन खात्यात भरा. पोलिसात जायची घाई करू नका, सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दिसलं तरच फसवणूक होते, नुसता करारभंग झाला की ते दिवाणी.

प्रश्न (ठाणे): मी मालक आहे. लीव्ह लायसन्स संपून सात महिने झाले, समोरचा ना भाडं देतो ना घर घेतो. लाईट तोडू का?

उत्तर: नको हो! धमकावून किंवा लाईट-पाणी तोडून बाहेर काढलंत तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, मग मालक तुम्ही आहात की नाही हा प्रश्नच तिथे येत नाही. तुमचं लीव्ह लायसन्स रजिस्टर असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज करा, मुदत संपल्यापासूनच्या काळासाठी दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. रजिस्टर नसेल तर कलम 55 प्रमाणे चूक तुमची धरली जाते आणि अटींबद्दल तो म्हणेल ते आधी खरं मानतात. खरी अडचण पुढे आहे. राहणं आणि विकणं तुम्ही एकाच कागदात लिहिलं असेल तर तो म्हणणार मी लायसन्सवर नाहीच, खरेदीदार म्हणून राहतोय, आणि मग प्रकरण प्राधिकाऱ्याकडून उठून दिवाणी कोर्टात जाऊ शकतं, तिथे किती वर्षं जातात ते ठाण्याच्या माणसाला मी काय सांगू. अर्ज करण्याआधी तो कागद वकिलाला नीट वाचायला द्या.