स्थळ बघताना सातबारा मागता, मुलीच्या वाट्याचं काय?

मुलीला बार्शीकडचं स्थळ आलंय. ‘पाच एकर बागायत’ असं बायोडेटात लिहिलंय. काय बघावं?

सातबारा मागा, त्यात संकोच नको. मात्र वरचं नाव वाचून थांबू नका. परवा एका मुलीच्या वडिलांनी असाच उतारा माझ्या टेबलावर पसरला. क्षेत्र दोन हेक्टर (म्हणजे जवळपास पाच एकर), खातेदार मुलाचे वडील, आणि ‘इतर हक्क’ रकान्यात गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा. जमीन वडिलोपार्जित. आई-वडील, दोन भाऊ, एक बहीण असे पाच वाटे धरले तर मुलाला येतो जेमतेम एक एकर, तोही कर्जासकट. बहीण त्यांनी हिशोबात धरलीच नव्हती. ‘मग तुमच्या जमिनीत तुमच्या मुलीचा वाटा किती?’ असं विचारलं, तर ते उताऱ्याकडेच बघत राहिले.

माझं लग्न ठरतंय. भाऊ म्हणतो, आधी हक्कसोड कर, नाहीतर सासरचे जमिनीत घुसतील. सही करू का?

ताई, घाईत अजिबात करू नका. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. हा हक्क जन्माने मिळतो, 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. (20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात.) तुमचा वाटा तुमचा असतो. तुम्ही हयात असताना नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, त्यामुळे भावाची भीती निराधार आहे. लग्नाचा खर्च आणि दागिने म्हणजे वाटा नव्हे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवणं फार अवघड जातं. सासरी अडचण आली तर परतायला हीच जमीन असते. ती सोडून दिलेल्या बायका मी रोज बघते, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

माझा पगार मुलापेक्षा जास्त आहे. त्याची आई म्हणते, नातेवाइकांत सांगू नको.

नातेवाइकांचं सोडा. मुलगा स्वतः हा आकडा मोकळेपणाने उच्चारतो का, ते बघा. घराचा हप्ता कोण भरणार, तुमच्या आई-वडिलांना पैसे पाठवले तर चालेल का, हे साखरपुड्याआधी दोघांनीच बोला. ‘फ्लॅटला हातभार लावा’ अशी मागणी तुमच्या वडिलांकडे आली, तर तो हुंडाच. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याने नुसती मागणीही गुन्हा आहे.

मुलगा 33 वर्षांचा, तीन एकर शेती, दोन म्हशी. सगळ्यांना नोकरीवाला हवा. मुली इतक्या लोभी का झाल्या?

दादा, मुलींना लोभी म्हणू नका. पावसाने दगा दिला की घरात काय होतं, हे त्यांनी आईच्या चेहऱ्यावर बघितलंय. त्यांना हवी आहे ती महिन्याची खात्री. शिवाय मुलीच कमी आहेत. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले, तेव्हा त्यांची मागणी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कडक अंमलबजावणीची होती. ते बरोबर बोलत होते.

तुमच्या हातातलं सांगते. बायोडेटात ‘तीन एकर’ एवढंच लिहू नका. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी किती येतं, कर्ज किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, ते लिहा. आणि बघायला आलेल्या मुलीला आधी गोठा दाखवा.