बाळ जन्मलं तेव्हा बाबा म्हणून तुम्हाला काय वाटलं?

पहाटे साडेतीनला बायकोला कळा सुरू झाल्या. भायखळ्याहून परळच्या हॉस्पिटलात टॅक्सीने पोहोचायला वेळ लागला नाही, पण पुढचे नऊ तास संपता संपेनात. मला आत सोडलं नाही. सासूबाई आत, मी बाहेर बाकावर. दाराआडून पहिलं रडणं ऐकू आलं आणि पायांतलं बळच गेलं.

नर्सने दुपट्यात गुंडाळलेली लेक हातात दिली. २ किलो ८०० ग्रॅम. तिने माझं बोट घट्ट धरलं. तळव्याला काही लागलं की नवजात बाळ मूठ वळतंच, हे मला ठाऊक होतं. तरी डोळे भरून आले.

बाबा होणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. पहिल्या तासात बाळाला आईचं पिवळसर चीकदूधच मिळू द्या. मध चाटवायचा आग्रह झाला तर घरच्यांना तुम्हीच नाही म्हणा, बायकोवर ते टाकू नका. (जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, तीही तुमच्याकडेच घ्या.) आणि बाळाला बघितल्यावर लगेच बायकोजवळ जा. मी लेकीचे फोटो पाठवत बसलो होतो. बायको आत थंडीने कुडकुडत माझी वाट बघत होती.