मार्फन असलेल्या भाच्याची महाधमनी स्टेम सेलने बरी होईल का?

फोंड्याच्या ताई, थेट नाही. तुम्ही वाचलंत तो उपचार नव्हे, प्रयोगशाळेतल्या बशीत रुग्णाच्या पेशींपासून धमनीच्या पेशी वाढवून केलेला अभ्यास आहे. मार्फन हा जन्मजात आजार; त्यात महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, भिंत कमकुवत होते.

महाधमनीचा तुकडा तपासायला मागता येत नाही. ऑपरेशनमध्ये मिळतो तो आधीच पार झिजलेला. म्हणून रुग्णाच्या रक्तातल्या किंवा कातडीच्या पेशी पुन्हा ‘कोऱ्या’ करतात, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल. ही युक्ती जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांची: २००६ला उंदरात, २००७ला माणसात जमली. मग त्यांपासून धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी घडवतात. खरी गंमत पुढे. महाधमनीच्या मुळाशी, कमानीत आणि खाली पाठीकडे असलेल्या स्नायुपेशी गर्भात वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, म्हणून बशीतही वेगवेगळ्या वाढवाव्या लागतात. मार्फनमध्ये एफबीएन-१ जनुकात चूक असते. क्रिस्परने, म्हणजे जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्राने, ती दुरुस्त केलेल्या त्याच रुग्णाच्या पेशी शेजारी ठेवल्या, की फरक त्या चुकीमुळेच हे कळतं. औषधंही आधी तिथेच पारखता येतात. बशीत रक्तदाब नसतो हो, म्हणून पेशी मुद्दाम ताणूनही बघतात.

पैसे घेऊन ‘स्टेम सेल’ टोचणाऱ्यांच्या नादी लागू नका. माझा चुलतभाऊ म्हापशाहून बांबोळीच्या इस्पितळात इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) जातो आणि महाधमनीच्या रुंदीचा मिलिमीटरमधला आकडा वहीत लिहून ठेवतो. भाच्याचीही वही करा.