फ्लूच्या तापात दिवस मोजावेत

प्रश्न : मला वर्षातून दोन-तीनदा सर्दी-खोकला होतो आणि दर वेळी घरचे ‘हा फ्लूच’ असे म्हणतात. साधी सर्दी आणि फ्लू यांतला फरक घरच्या घरी ओळखता येतो का?

उत्तर : खात्रीने नाही, पण बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. सर्वांत उपयोगी खूण म्हणजे आजाराची सुरुवात. सर्दी हळूहळू येते. घसा खवखवतो, शिंका येतात, नाक वाहू लागते, आणि तरीही माणूस आपली कामे उरकत राहतो. फ्लूचा रुग्ण मात्र आजार कोणत्या वेळी सुरू झाला हेही बहुधा सांगू शकतो. सकाळी धडधाकट असलेल्या माणसाला दुपारी थंडी वाजून ताप भरतो, डोके ठणकते, अंग मोडून येते, कोरडा खोकला सुरू होतो आणि अंथरुणातून उठवत नाही. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १ ते ४ दिवस, बहुधा २ दिवस लागतात. कोविडची लक्षणेही अशीच असू शकतात आणि तो फरक चाचणीशिवाय कळत नाही.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. वयस्कर माणसांना फ्लूमध्ये ताप येतोच असे नाही. अचानक गळून जाणे, जेवण टाकणे किंवा असंबद्ध बोलणे एवढेच दिसू शकते. लहान मुलांमध्ये उलट्या-जुलाब पुढे येतात. त्यामुळे ‘ताप नाही, म्हणजे फ्लू नाही’ असे धरून चालू नये.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. मागच्या वेळी त्यांना ताप आला तेव्हा आम्ही दोन दिवस वाट पाहिली, मग चाचणी केली आणि अहवाल आल्यावर डॉक्टरांकडे गेलो. हे बरोबर होते का?

उत्तर : वाट पाहण्यामागची तुमची भावना समजते, परंतु तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते दोन दिवसच सर्वांत मोलाचे होते. फ्लूचा विषाणू श्वसनमार्गाच्या पेशीत शिरून स्वतःच्या असंख्य प्रती तयार करतो आणि न्यूरामिनिडेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने त्या प्रती पेशीपासून सुटून पुढच्या पेशींकडे जातात. ओसेल्टामिविर हे औषध नेमके हे सुटणे रोखते. विषाणूंची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिगेला पोहोचत असल्यामुळे हे औषध ४८ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा लाभ सर्वाधिक होतो. ६५ वर्षांवरील व्यक्ती, पाच वर्षांखालील आणि त्यातही दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, तसेच मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा क्षीण झालेली प्रतिकारशक्ती असलेले रुग्ण यांच्याबाबत डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करू शकतात. झटपट होणारी चाचणी नकारात्मक आली तरी फ्लू नाही असे ठरत नाही. आरटी-पीसीआर चाचणी अधिक विश्वसनीय असते. ४८ तास उलटून गेले असले, तरी गंभीर रुग्णाला हे औषध दिले जाते, म्हणून ‘आता उशीर झाला’ असे मानून घरी बसू नये. मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा बदलत असल्याने ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. तापात रक्तातील साखर वाढते, तेव्हा ती नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी.

तरुण, निरोगी व्यक्तीला बहुधा विश्रांती, पुरेसे पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढे पुरते.

प्रश्न : घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मी फ्लूमध्ये घेतल्या. ताप उतरला, पण दोन दिवसांनी पुन्हा चढला. गोळ्या कमी पडल्या का?

उत्तर : गोळ्या कमी पडल्या नाहीत, त्या मुळातच विषाणूवर चालत नाहीत. पहिला ताप आपोआप उतरला असावा. मात्र उतरलेला ताप पुन्हा चढणे आणि खोकला वाढणे ही गंभीर खूण आहे, कारण विषाणूने दुखावलेल्या श्वसनमार्गात जिवाणू शिरून न्यूमोनिया झालेला असू शकतो. तेव्हा अँटिबायोटिक खरोखर लागते, पण कोणते आणि किती दिवस हे तपासणीनंतरच ठरते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी, लघवी अगदी कमी होणे, किंवा मुलाने पिणे सोडणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

औषधांविषयी आणखी दोन गोष्टी. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. वर पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते आणि यकृताला इजा होऊ शकते. मुलांना व किशोरवयीनांना तापात ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून रे सिंड्रोम हा विरळा पण प्राणघातक आजार उद्भवू शकतो.

प्रश्न : लस दरवर्षी का घ्यावी? आणि लस घेतल्यावर फ्लू होतो हे खरे का?

उत्तर : विषाणूच्या बाह्य आवरणावरील प्रथिने सतत थोडीथोडी बदलतात, आणि लसीने मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत ओसरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी, लसीत कोणते विषाणूप्रकार असावेत याची शिफारस करते. फ्लूच्या बी गटातील विषाणूचा यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर निश्चितपणे आढळलेला नाही, त्यामुळे आता चार प्रकारांऐवजी पुन्हा तीन प्रकारांची लस सुचवली जाते.

टोचून दिल्या जाणाऱ्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. हात दुखणे, एखादा दिवस कणकण वाटणे हे शरीराने घेतलेली दखल आहे. संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून साथीपूर्वीच लस घ्यावी. लसीनंतरही फ्लू होऊ शकतो, परंतु तो गंभीर होण्याचा धोका घटतो, आणि वयस्करांसाठी हाच लाभ मोठा आहे. ६ महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. गरोदरपणी आईने घेतलेल्या लसीमुळे त्याला पहिले काही महिने संरक्षण मिळते.

प्रश्न : मला फ्लू झाला आहे आणि बाळ चार महिन्यांचे आहे. अंगावर पाजणे थांबवू का?

उत्तर : थांबवू नका. फ्लू दुधातून पसरत नाही, आणि दुधातील प्रतिपिंडे बाळाच्या उपयोगी पडतात. पाजण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, मास्क लावावा. फारच थकवा असेल तर दूध काढून दुसऱ्या कुणी पाजावे. विषाणू लक्षणांच्या एक दिवस आधीपासून साधारण ५ ते ७ दिवस पसरतो, तेव्हा ताप गेल्यावरही काही दिवस ही काळजी घ्यावी. इतक्या लहान बाळाला ताप आल्यास मात्र घरी औषध न देता लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.