आईबाबांच्या मिशनरी वर्षांचा शोध: आधी म्हापशाची ट्रंक

बाबा किंवा आई मिशनरी म्हणून परदेशी राहिले होते आणि आता ती वर्षं समजून घ्यायची आहेत, तर पणजीतल्या आल्तिनोच्या बिशप पॅलेसमध्ये, म्हणजे कॅथलिक आर्चबिशपांच्या कचेरीत, चौकशी करत बसू नका. गोव्यात मिशनरी म्हटलं की पाद्रीच आठवतो, १६८७ मध्ये श्रीलंकेला पोचलेल्या संत जोसेफ वाझांसारखा. पण कॅथलिक पाद्री संसार करत नाहीत. आईबाबांना बहुधा एखाद्या प्रोटेस्टंट संस्थेने पाठवलेलं असतं आणि दप्तर त्या संस्थेकडे राहतं. चर्च मिशनरी सोसायटीचं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे, बासेल मिशनचं स्वित्झर्लंडमधल्या बासेलला. व्यक्तिगत फायली बरेचदा काही दशकं बंद असतात, म्हणून नात्याचा पुरावा आणि ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला अर्जासोबतच जोडा.

नाव शोधताना पोर्तुगीज स्पेलिंगही वापरा. १९६१ पूर्वीच्या कागदांत शिरोडकर ‘एक्स’ने सुरू होतो, केरकर ‘क्यू’ने. एकाच स्पेलिंगवर अडून बसलात तर ‘नोंद नाही’ असंच उत्तर येईल.

मुख्य ऐवज मात्र म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतो. ती डिसेंबर ते फेब्रुवारीत उघडा. पावसाळ्यात दमट हवेने बुरशी वाढते. कागद उन्हात वाळवू नका, शाई उडते. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सुटत नाही. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. गठ्ठे जसे बांधलेत त्याच क्रमाने स्कॅन करा, पत्रं ३०० डीपीआय (स्कॅनची बारकाई), फोटो ६००. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने.

वाचताना पत्र कोणासाठी लिहिलं होतं ते पाहा. देणगीदारांना धाडलेल्या छापील परिपत्रकात शाळा भरलेली, दवाखाना चालू, सगळं आलबेल. त्याच महिन्यात आजीला लिहिलेल्या एरोग्राममध्ये (हवाई टपालाचं घडीचं पत्र) हिवताप, थकलेला पगार आणि बोर्डिंगला ठेवलेलं रडणारं पोर सापडतं. ते पोर तुम्हीच असाल, तेव्हा असं पत्र एकट्याने वाचू नका.

आईबाबा हयात असतील तर ‘तिकडे काय केलंत?’ एवढं मोघम विचारू नका. एकच फोटो पुढे ठेवा आणि मागे उभ्या माणसांवर बोट ठेवा. फोटोखाली बहुतेकदा फक्त ‘आमचा स्वयंपाकी’, ‘भाषाशिक्षक’ एवढंच असतं. त्यांची नावं, गाव, पगार विचारा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या.