पात्राची पूर्वकथा कोठून सुरू करावी?

प्रश्न : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन संगणकीय खेळातील भूमिका वठवण्यासाठीच्या सर्व्हरवर मी नाइट एल्फ वंशाचे पात्र घेतले आहे. त्याची पूर्वकथा कशी रचावी?

उत्तर : २००४ साली सुरू झालेल्या या खेळाच्या कथेत नाइट एल्फ हजारो वर्षे अमर होते आणि तिसऱ्या युद्धाच्या अखेरीस त्यांनी ते अमरत्व गमावले, म्हणून वार्धक्याची पहिली चाहूल लागली तेव्हा तुमच्या पात्राला काय वाटले, तेथूनच आरंभ करावा, असे मला मनापासून वाटते. त्याला एखाद्या प्रसिद्ध नायकाचा भाऊ मात्र करू नका, कारण अशा पात्रापुढे इतरांना करण्याजोगे फारसे उरत नाही. २०१८ साली कथेत टेल्ड्रासिल हा नाइट एल्फांची वस्ती असलेला महावृक्ष जळाला. त्या आगीत तुमच्या पात्राने कोणाला गमावले, हे स्वतःपुरते लिहून ठेवा आणि सहखेळाडूच्या पात्राने विचारल्यावरच, तेही थोडेथोडे, उलगडू द्या.